मुलांच्या हातातील पहिला इतिहास

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव आला की संस्थेची जुनी दप्तरे उघडली जातात, जुनी छायाचित्रे शोधली जातात आणि ज्येष्ठांच्या आठवणी लिहून घेतल्या जातात. ही सारी धडपड मोठी माणसे मोठ्या माणसांसाठी करतात. परंतु आणखी पन्नास वर्षांनी शताब्दीचा दीप जे लावतील, ते आज दुसरी-तिसरीच्या वर्गात बसलेले आहेत. त्यांच्या हाती आपल्या प्रदेशाचा आणि राज्याचा इतिहास प्रथम कोणत्या पुस्तकातून येतो, त्या पुस्तकात काय असते आणि काय राहून जाते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभ एका साध्या कागदापासून करणे योग्य होईल. सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागांतील अनेक घरांत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवलेला असतो. १९५० च्या दशकातील अशा दाखल्यावर जिल्हा म्हणून ‘दक्षिण सातारा’ असे लिहिलेले आढळते. नातवाने तो दाखला हाती घेऊन नकाशात दक्षिण सातारा शोधला, तर तो कोठेही सापडत नाही. मग तो विचारतो, आजोबांचा जिल्हा गेला कोठे?

या एका प्रश्नाच्या उत्तरात केवढा इतिहास दडलेला आहे! इंग्रजी अमलातील सातारा जिल्हा फार विस्तीर्ण होता. त्याच्या शेजारी सांगली, मिरज, जत, औंध अशी लहान-मोठी संस्थाने होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ही संस्थाने विलीन झाली. जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि संस्थानांचा मुलूख एकत्र करून १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण करण्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव ‘सांगली’ झाले. म्हणजे आजोबांचा जिल्हा कोठे गेला नाही. त्याचे नाव बदलले.

याच प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न विचारता येतो. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे सातारचे की सांगलीचे? त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे शालेय शिक्षण कराडला झाले. ते आज सातारा जिल्ह्यात आहे. त्यांच्या बालपणी मात्र ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात होती. मुलाला एवढे सांगितले की गाव, जिल्हा आणि राज्य या तीन पायऱ्या त्याच्या मनात आपोआप जोडल्या जातात. सनावळी पाठ करण्याचा कंटाळा येणारे मूलही असा उलगडा उत्सुकतेने ऐकते. इतिहास घरातील पेटीतच असतो, परंतु त्या पेटीचे कुलूप उघडण्यासाठी मुलांच्या वयाला शोभेल असे पुस्तक लागते.

मुलांच्या इतिहासपुस्तकांशी सातारच्या मातीचा संबंध फार जुना आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसविले. त्या वेळी तेथे कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटिश अधिकारी नेमला गेला. तो १८२२ पर्यंत साताऱ्यात होता. कारभार सांभाळतानाच त्याने मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली आणि १८२६ साली लंडनमध्ये आपला इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. पुढे चार-पाच वर्षांच्या आतच कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी रूपांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने केले आणि ती बखर मराठी शाळांतून वाचली जाऊ लागली. साधने सातारची, लेखक स्कॉटलंडचा, छपाई लंडनची आणि भाषांतरकारही गोरा लष्करी अधिकारी! मराठी मुलांच्या हाती आपल्या पूर्वजांचा छापील इतिहास प्रथम आला तो अशा वळणा-वळणाच्या वाटेने.

त्या पुस्तकाचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. त्याने कष्ट घेतले होते. पण परक्याच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टी आणि झालेले चुकीचे ग्रह त्यात होतेच. १८६० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या बखरीवर सविस्तर टीका लिहून त्या उणिवा दाखविल्या. शाळेत वाचलेल्या पुस्तकाला एका विद्यार्थ्याने निर्भयपणे प्रश्न विचारला आणि मराठी इतिहाससंशोधनाला चालना मिळाली. त्यानंतर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना सातारा जिल्ह्यातील वाई येथे जुन्या कागदांचा मोठा साठा मिळाला आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर कागदपत्रे व चित्रे जमविली. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या फडताळात, कोणाच्या धान्याच्या कोठीशेजारी पडलेले कागद या माणसांनी उजेडात आणले. आज मुलांच्या पुस्तकात जी दोन ओळींची माहिती सहज वाचली जाते, तिच्यामागे अशा माणसांची पायपीट आहे.

मुलांसाठी सोपे लिहिण्याचे काम पुढील काळात अनेकांनी केले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक सुरू केले. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘बालभारती’ची स्थापना झाली. चौथीच्या वर्गासाठी ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक १९७० साली आले आणि किरकोळ बदल सोडले तर पुढे पिढ्यान् पिढ्या तेच चालू राहिले. आज या सभागृहातील साठीचे गृहस्थ आणि त्यांची विशीतील नातवंडे यांनी शालेय जीवनात एखादे समान पुस्तक वाचले असेल, तर ते बहुधा हेच असेल. तिसरीच्या मुलांसाठी मंडळाने प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे पुस्तक काढले. साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याच्या नद्या, डोंगर, पिके, बाजारपेठा आणि सांगलीच्या मुलाला सांगलीच्या. १९७१ साली बालदिनी ‘किशोर’ मासिक सुरू झाले. त्याचे जुने अंक मंडळाने संगणकावर सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत. घर, गाव, जिल्हा आणि मग राज्य अशी ही चढण आहे. अभ्यासक्रम काळानुसार बदलतात, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आताही बदलत आहेत. परंतु जवळच्या गोष्टीपासून दूरच्या गोष्टीकडे जाण्याचे हे तत्त्व खरे आहे आणि ते टिकले पाहिजे.

येथे एक शंका रास्त आहे. लहान मुलांची पुस्तके ती किती आणि त्यांचे महत्त्व ते केवढे? मोठेपणी जाणकार ग्रंथ वाचता येतातच की! उत्तर असे की, बहुसंख्य माणसे मोठेपणी इतिहासाचा ग्रंथ वाचत नाहीत. संसार, दुकान, शेती, नोकरी यांत आयुष्य निघून जाते. चौथीत वाचलेले तेवढेच जन्मभर पुरते. कापड खरेदी करणारा व्यापारी गोदामातील सर्व तागे उलगडून पाहत नाही, तो नमुन्याचा तुकडा बोटांत धरून सौदा करतो. तो तुकडा लहान असतो म्हणून हलक्या मालाचा चालेल काय? उलट तो त्याच ताग्यातून कापलेला असावा लागतो. रंग तोच, वीण तीच, पोत तोच. मुलांचे पुस्तक हा इतिहासाचा असा नमुना आहे. आकाराने लहान असावा, पण मूळ ताग्यापेक्षा वेगळा नसावा.

तो वेगळा निघाला तर काय होते, याचा अनुभव सांगली-मिरजेच्या बाजारपेठेने घेतला आहे. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून वाद पेटला, दंगल उसळली आणि संचारबंदी पुकारावी लागली. सणासुदीचे दिवस असूनही दुकानांच्या फळ्या उघडता आल्या नाहीत. हातावर पोट असणाऱ्यांच्या घरी चूल पेटणे अवघड झाले. दोन्ही बाजूंच्या बहुतेकांनी प्रतापगडचा प्रसंग लहानपणीच्या पुस्तकात वाचला होता किंवा घरी ऐकला होता. प्रसंग एकच, तारीखही एकच, १० नोव्हेंबर १६५९. मग तंटा कशाचा?

तो प्रसंग केवळ चित्रातून मनात बसला की दोन धर्मांची झुंज दिसते. तोच प्रसंग नावांसह सांगितला की चित्र पालटते. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ, खानाचे वकील कृष्णाजी भास्कर. कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, तर खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम यांचे नाव सांगितले जाते. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. ही नावे ध्यानात ठेवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही समजते की हा स्वराज्य आणि आदिलशाही यांमधील राजकीय संघर्ष होता. महाराजांचे शौर्य यामुळे तिळमात्र कमी होत नाही, त्यांची दूरदृष्टी मात्र अधिक उजळून दिसते. चार नावे गाळली तर पुस्तकाचे अर्धे पान वाचते. त्या अर्ध्या पानाची किंमत पुढे सबंध शहर मोजते.

म्हणून मुलांचा इतिहास कसा असावा, याच्या कसोट्या ठरविल्या पाहिजेत. व्यापारी समाजाला त्या कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. रोजकीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्यांच्या घरात त्या पूर्वापार चालत आल्या आहेत. पहिली कसोटी अशी की, पावतीशिवाय नोंद नाही. दुसरी अशी की, प्रत्येक खात्याला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. एकच बाजू लिहिणाऱ्याची वही कोणताही हिशेबतपासनीस मान्य करीत नाही.

पहिल्या कसोटीची दोन उदाहरणे साताऱ्यातच आहेत. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे काही काळासाठी भारतात आणण्यात आली आणि प्रथम सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवण्यात आली. ती पाहण्यासाठी मुलांच्या रांगा लागल्या. ही वाघनखे ग्रँट डफ याला साताऱ्यातील मुक्कामात भेट मिळाली, असा लेख त्यांच्या पेटीवर आहे. तथापि महाराजांनी प्रतापगडावर वापरली ती हीच वाघनखे, असे खात्रीने सिद्ध झालेले नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगते. मुलाला हे सांगावे की नाही? सांगावे. ‘असे म्हणतात’ आणि ‘असे सिद्ध झाले आहे’ यांतील अंतर ज्याला वयाच्या दहाव्या वर्षी कळले, त्याला मोठेपणी भ्रमणध्वनीवर आलेला प्रत्येक मजकूर खरा वाटणार नाही. महाराजांवरील श्रद्धा एका वस्तूच्या खरे-खोटेपणावर अवलंबून नाही.

दुसरे उदाहरण शाळेच्या रजिस्टरचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत एका बालकाने प्रवेश घेतला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. तीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. राज्यघटनेच्या शिल्पकाराचे मोठेपण सांगणारे ग्रंथ कपाटभर आहेत. परंतु शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या रजिस्टरातील एक ओळ अधिक जवळची वाटते, कारण त्याचेही नाव अशाच एका रजिस्टरात लिहिलेले असते. याला पावती म्हणतात.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे, कारण ती परक्यांच्या नव्हे तर स्वतःच्या वहीला लावायची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव घेताना जैन समाजाची मान अभिमानाने उंचावते आणि ते योग्यच आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेल्या, वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकच्या या जैन कुटुंबातील पुरुषाने काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले आणि पुढे सारे आयुष्य बहुजनांच्या शिक्षणासाठी वेचले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तेथील वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने काढून दिले. ही झाली जमेची बाजू. प्रत्येक जैन घरातील मुलाला ती ठाऊक असतेच, नसल्यास असली पाहिजे.

आता नावेची बाजू. भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर त्यांना स्नान करून आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हे पान असावे की नसावे? कोणी म्हणेल, समाजाची उणीव मुलांना कशाला सांगावी? परंतु ते पान फाडले तर शाहू बोर्डिंगमध्ये सर्व मुले एका पंक्तीत का बसली, याचे उत्तर मिळत नाही. भाऊरावांना आपल्याच घरात अडवले गेले आणि त्यांनी त्याच्यातून साऱ्या महाराष्ट्रासाठी दार उघडले. ज्या समाजाने हा पुत्र दिला, त्या समाजाला त्याच्या आयुष्यातील हे पान सोसण्याइतके मोठे मन निश्चित आहे. मुलांना निर्दोष पूर्वज नको असतात. चूक झाली, कोणीतरी ती ओळखली आणि कोणीतरी ती सुधारली, ही गोष्ट त्यांना धीर देते.

या कसोट्या लावून पाहिले म्हणजे पुस्तकांत काय राहून गेले, तेही दिसू लागते. राज्याच्या पुस्तकाला सबंध राज्य सांगायचे असते आणि जिल्ह्याच्या पुस्तकाला सबंध जिल्हा. तालुका, गाव आणि पेठ त्यांच्या पानांत मावत नाहीत. १२ जानेवारी १७०८ रोजी छत्रपती शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, हे पुस्तकात येते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हेही येते. परंतु ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर झालेला गोळीबार आणि त्यात बळी पडलेले सामान्य शेतकरी पुण्या-मुंबईच्या मुलांना कितपत ठाऊक असतात? २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून कृष्णेच्या दिशेने निघाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हे दोघे हुतात्मा झाले, वसंतदादांच्या खांद्यात गोळी शिरली. रोज त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून शाळेत जाणाऱ्या मुलाला ही भिंत कोणती, हे कोणी सांगितले आहे काय?

कुंडलचेच उदाहरण घ्यावे. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी जैन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कुंडलला जातात. मुलेही सोबत असतात. दर्शन होते, भोजन होते, गाडी परत फिरते. हेच कुंडल क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र होते. १९४३ ते १९४६ या काळात येथील शेकडो गावांत न्यायदान मंडळे चालत, कमी खर्चाचे विवाह लावले जात, वाचनालये उघडली जात. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. कुंडलच्या शेजारीच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधकरांनी दिलेल्या माळरानावर कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. त्याच संस्थानातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली आणि पुढे १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला तिच्यापासून प्रेरणा मिळाली. यात्रेच्या एका दिवसात धर्म, स्वातंत्र्यलढा, उद्योग आणि लोकशाही अशा चार गोष्टी मुलाला दाखविता येतील. त्यासाठी वेगळा खर्च नाही. हाती दहा-बारा पानांची पुस्तिका आणि शेजारी सांगणारे वडीलधारे माणूस एवढेच पुरे.

अडचणी आहेत, त्या नाकारून चालणार नाही. आज अनेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण मराठी पुस्तकाचे पान सलग वाचताना अडखळतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांतून महाराष्ट्राच्या इतिहासाला फार थोडी जागा मिळे. २०२५ च्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु दिल्लीहून येणाऱ्या पुस्तकात वडूज आणि कुंडल येणार नाहीत, आणि ती अपेक्षाही रास्त नव्हे. ते काम घराचे आणि गावाचे आहे. दुसरी अडचण ग्रंथालयांची. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात भिजून नष्ट झाली. छापलेले पुस्तक निदान दुसरीकडून मिळविता येते. परंतु घराच्या माळ्यावरील दाखले, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या एकदा पुरात गेल्या की गेल्याच. तिसरी अडचण सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अनेक वाचनालयांत मुलांच्या पुस्तकांचे कपाट असते, पण त्याला कुलूप असते. पुस्तके फाटतील ही भीती! पुस्तक वाचून फाटले तर ते कामी आले, कुलपात वाळवीने खाल्ले तर ते वाया गेले.

यावर करता येण्याजोग्या तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, घरात मोठ्याने वाचन. आजी-आजोबांनी रोज रात्री पंधरा मिनिटे नातवंडांना वाचून दाखवावे. वाचता न येणाऱ्या मुलाला ऐकता तर येते, आणि ऐकता ऐकता अक्षरओळख परत येते. ‘किशोर’चे जुने अंक विनामूल्य मिळत असल्याने पुस्तकाच्या किमतीची सबब उरत नाही.

दुसरी, सहलीला पुस्तकाची जोड. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे गावकऱ्यांच्या घरांतच विषयवार ग्रंथसंग्रह ठेवलेले आहेत. बालसाहित्याचे घर निराळे, इतिहासाचे निराळे. पुढे या योजनेत सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचीही निवड झाली. प्रतापगड पाहून परतताना भिलारला दोन तास थांबले, तर गडावर पाहिलेले मुलाला पुस्तकात भेटेल.

तिसरी गोष्ट मुलांनी स्वतः करावयाची. आपल्या पेठेवर, आपल्या गावावर सोळा पानांची एक पुस्तिका मुलांनीच लिहावी. कोणते दुकान केव्हा सुरू झाले, हळदीची पेवे कशी भरत, महापुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, गावात पहिली शाळा कोणी काढली, मुलींची शाळा केव्हा निघाली, हे सारे ज्येष्ठांना विचारावे. दाखले, छायाचित्रे, बिले पाहावीत. जे कागदावरून कळले ते तसे लिहावे आणि जे ऐकून कळले तेथे ‘ऐकीव’ असे स्पष्ट म्हणावे. ज्या आठवणीने अवघडल्यासारखे होते, तीही टाळू नये. अशा पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या चुका असतील, चित्रे वाकडी-तिकडी असतील. तरीही मुलांच्या हाताने लिहिलेला तो इतिहास असेल, आणि स्वतः लिहिताना शोधून पाहण्याची सवय लागलेले मूल पुढे दुसऱ्याचे लिहिलेलेही तपासून वाचेल. कीर्तन्यांनी दीडशे वर्षांपूर्वी तेच केले होते.

या पुस्तिकेसाठी घाई मात्र केली पाहिजे. दक्षिण सातारा जिल्ह्यात शाळेत गेलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. प्रतिसरकारचे दिवस डोळ्यांनी पाहिलेले फारच थोडे उरले आहेत. राजवाड्यांना माळ्यावरचे कागद शंभर वर्षांनीही मिळाले. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही.

शेवटी एकच गोष्ट. जुन्या पेढीवरील बिलाच्या खाली चार अक्षरे लिहिण्याची रीत होती, ‘चू. भू. द्या. घ्या.’ चूकभूल द्यावी-घ्यावी. हिशेब काळजीपूर्वक केला आहे, तरीही चूक निघाल्यास ती मान्य करून दुरुस्त केली जाईल, असे वचन त्या चार अक्षरांत असे. त्यामुळे पेढीची पत कमी होत नसे, उलट वाढत असे. मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती चार अक्षरे असावीत आणि त्याखाली थोडी जागा मोकळी सोडावी. त्या जागेत काय लिहायचे ते आज शेवटच्या रांगेत बसलेली मुले ठरवतील.

जय जिनेंद्र.